बैल, हरीण आणि डूख

टापटीप साहेब दुकानात शिरले तेव्हा ताई एका उघड्या मशीनच्या पोटात हात घालून पंखा बसवत होती. आवाज ओळखायला तिला मान वर करावी लागली नाही. गोड, हळू, समोरच्याला एकेक पायरी खाली उतरवत जाणारा आवाज. तिच्या हातातला स्क्रू निसटला. तो शोधायच्या निमित्ताने ती टेबलाखाली वाकली आणि जरा वेळ वाकूनच राहिली. घाबरली वगैरे नव्हती. उलट तिला हसू आवरत नव्हतं. ज्याच्यावर इतकी वर्षं डूख धरला, तो माणूस असा आपल्या पायांनी चालत दारात येईल, आणि तेही गिऱ्हाईक म्हणून, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

साहेबांचं खरं नाव काही का असेना, त्यांच्या कंपनीत त्यांना समोर सर म्हणत आणि पाठीमागे टापटीप. कॉम्प्युटरवरचे गेम बनवणारी कंपनी. ताईने ऐन उमेदीची वर्षं तिथे घातली. गेममधल्या खोल्या, गल्ल्या, जिने यांत उजेड कुठून यावा, कुठे अडावा, कुठल्या कोपऱ्यात काळोख ठेवावा, हे ठरवायचं तिचं काम. दिवे मांडून झाले की त्यांचा उजेड कशाकशावर कसा पडेल याचं गणित करायला मशीनला बसवायचं. त्याला ते लोक ‘बेक’ म्हणत, कारण मशीन तासन्‌तास तापतं तेव्हा कुठे ती खोली खरी वाटायला लागते.

आता टापटीप साहेबांची एक हौस होती. ऑफिसात वायर दिसता कामा नये. म्हणून प्रत्येक टेबलाखाली सुबक लाकडी कपाट, कपाटात मशीन, कपाटाला कुलूप आणि चाव्यांचा जुडगा साहेबांच्या खिशात. पाहुणे आले की म्हणायचे, “सांगा बघू, मशीन दिसतंय कुठे?” पाहुणे बिचारे नाही म्हणायचे. मशीन दिसत नव्हतं हे खरंच, पण ते आत गुदमरत होतं. प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला आपणच आपला वेग कमी करतो. त्यामुळे ताईचा बेक सकाळी जोरात सुरू व्हायचा आणि दुपारपर्यंत पेंगायला लागायचा.

तिने सांगून पाहिलं. मेल केले, कपाटाच्या दारावर हात ठेवून दाखवलं, एकदा तर चावी मागितली. शेवटी भर मिटिंगमध्ये साहेब हसत म्हणाले, “मशीन सगळ्यांना सारखंच दिलंय. हात सगळ्यांचे सारखे नसतात, त्याला मी काय करू?” सगळे खो-खो हसले. ज्यांच्या चुका ताईने गुपचूप निस्तरल्या होत्या, तेही हसले. त्याच आठवड्यात तिला नारळ मिळाला. पुढे तो गेम गाजला. जाहिरातीत सगळीकडे तिने उजळलेली पावसाळी गल्ली झळकत होती, आणि गेमच्या शेवटी नावांची जी लांबलचक यादी येते तीत चहावाल्याचंसुद्धा नाव होतं, ताईचं नव्हतं.

तेव्हापासून ती मामाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात होती. आई गेल्यावर दोघी बहिणी मामाकडेच वाढल्या, त्यामुळे दुकान घरचंच. पण उजेड सुटला तो सुटलाच. तो राग तिने विझू दिला नव्हता. जेवताना, झोपताना, स्क्रू पिळताना ती तो फुंकून फुंकून ताजा ठेवत असे.

“अरे,” टापटीप साहेब म्हणाले, “तू आमच्याकडे होतीस ना गं?”

“होते सर.”

“कशात होतीस? आवाजात का?”

“उजेडात.”

“हां, हां. मग सोडलंस का?”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस विसरला होता! ढोंग करत नव्हता, खरोखर विसरला होता. तिचं अख्खं आयुष्य उसवून हा चहा पिऊन मोकळा झाला होता. त्याने माफी मागितली असती, निदान ओशाळून नजर चुकवली असती, तर कदाचित तिचा हात थबकला असता. तसं काही झालं नाही.

“असंच सोडलं,” ती गोड हसून म्हणाली. “बोला सर, काय हवंय?”

हवं होतं असं. नवा गेम हातात होता, गेम बाजारात आणणाऱ्या वितरकाची तारीख डोक्यावर होती आणि सगळ्या टेबलांची मशीन्स बदलायची होती. कंपनीत दोन तऱ्हेची माणसं. एक नुसती गेम खेळून त्यातल्या चुका काढणारी, दुसरी दिवसभर बेक आणि बाकीची जड कामं करणारी. प्रोसेसर मात्र सगळ्यांना एकच हवा, कारण साहेबांना सगळं एकसारखं आवडतं. दोन प्रोसेसर त्यांनी हेरून ठेवले होते, पण नेटवर वाचून वाचून डोकं भणभणलं होतं. कुणी म्हणे हा भारी, कुणी म्हणे तो.

“अहो, सोपं आहे,” मामा मध्ये पडला. गिऱ्हाइकाला समजावून सांगणं हा त्याचा जीव की प्राण. “हा एक आहे ना, त्याला आम्ही दुकानात हरीण म्हणतो. गाभे कमी, म्हणजे काम करणारे हात कमी, पण चपळ. जवळची स्मरणशक्ती मोठी. गेममध्ये कुणाला ऐकत नाही. वीज कमी खातो, थंड राहतो. आणि हा दुसरा, तो बैल. याला हात दुप्पट. जड काम ओढावं तर यानेच. फक्त तापतो, आणि खातोही तसाच.”

“मग आम्ही काय घ्यावं?”

मामाने ताईकडे पाहिलं. “ती सांगेल. तिची चाचणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

खरं उत्तर ताईला त्याच क्षणी माहीत होतं. कुलूपबंद कपाटं असलेल्या त्या ऑफिसला हरीण. डोळे मिटून हरीण. कागदावर बैलाचं काम निम्म्या वेळात होतं, पण कोंडलेल्या हवेत बैल तापून मटकन बसतो, आणि हरीण आपलं एका चालीत पुढे जात राहतं. ही गोष्ट त्या ऑफिसात बसून भाजलेल्या माणसालाच कळणार. म्हणजे ताईला.

“उद्या या सर,” ती म्हणाली. “दोन्ही समोरासमोर पळवून दाखवते. तुमचाच गेम घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही मशीन्स टेबलावर उघडी मांडली. झाकण नाही, पेटी नाही, डोक्यावर गरगरता पंखा. बाकी सगळं अगदी चोख ठेवलं. रॅम सारखी, ग्राफिक्स कार्ड सारखं, थंड करायचा पंखा सारखा, सेटिंग सारखी. खोटेपणा तिला करायचाच नव्हता. खोटं पकडलं जातं. तिला खऱ्याचाच एक तुकडा कापून ताटात वाढायचा होता.

आधी गेम. हरणाने अपेक्षेप्रमाणे बैलाला मागे टाकलं. सेकंदाला किती चित्रं बनतात तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होता, आणि हरणाचा आकडा बराच वर होता.

“मग हरीणच की!” साहेब म्हणाले.

“थांबा ना सर. तुमच्या ऑफिसातले मॉनिटर सेकंदाला एवढी चित्रं दाखवूच शकत नाहीत. बैल देतो तेवढीच त्यांना जास्त होतात. हरणाचं वरचं सगळं पाण्यात.” हेही शंभर टक्के खरं होतं.

मग बेक. तिने गेममधली एक छोटी खोली निवडली. एक खिडकी, दोन दिवे, एक खाट. बैलाने खोली फस्त केली तेव्हा हरीण अजून अर्ध्यावर होतं. साहेबांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

मामाने तिच्या कानाशी तोंड नेलं. “अगं, मोठा बेक लाव की एखादा. ते लोक दिवस दिवस चालवतात असं तूच सांगायचीस.”

“सरांना एवढा वेळ कुठे आहे मामा?” ती मोठ्याने म्हणाली.

“खरंच नाही हो,” साहेब घड्याळ बघत म्हणाले. “बघितलं ना डोळ्यांनी. आणखी काय बघायचं? रोज असाच पळेल ना गं हा?”

“थंड राहिला तर अस्साच पळेल,” ताई म्हणाली. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, आणि तो जिभेवर घोळवताना तिला इतकं बरं वाटलं की काय सांगावं.

मशीन्स बसवायला ती स्वतः गेली. खरं तर तिची गरज नव्हती, पण ती कपाटं तिला आपल्या हातांनी बंद करायची होती. नव्या मऊ बिजागऱ्या, दार नुसतं टेकवलं की आपसूक ओढलं जायचं. प्रत्येक दार लागताना ती मनात म्हणायची, घे. मामा मात्र कपाटात डोकावून अस्वस्थ झाला.

“साहेब, इथे वाऱ्याला जागाच नाही. दारं तेवढी उघडी राहू द्यात.”

टापटीप साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मामा, तुम्ही मशीन विका. फर्निचरचं आम्ही बघतो.”

ताईला वाटलं, झालं. आता तर देवाघरी विचारलं तरी मी सुटले. सांगितलं, ऐकलं नाही. मामाने सांगितलं, मी नाही, हा बारीक फरक तिने सोयीस्करपणे गिळला.

मग ती वाट बघू लागली. वाट बघण्यातही मजा असते हे तिला नव्यानेच कळलं. काही आठवड्यांनी कंपनीतला एक जुना सहकारी माऊस बदलून घ्यायला आला, मिटिंगमध्ये मोठ्याने हसलेल्यांपैकीच एक. म्हणाला, काम कूर्मगतीने चाललंय, सर सगळ्यांवर डाफरतात, वितरकाने एकदा तारीख पुढे ढकलून दिली, आता देणार नाही म्हणतो. ताईने त्याला माऊसबरोबर खालची रबरी चटई फुकट दिली. घरी येऊन दोनदा वाढून घेतलं. मामी म्हणाली, “काय गं, लॉटरी लागली का? आज गाणं काय म्हणतेस!” ताई नुसती हसली. तिच्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते असं: वितरक खुर्चीत रेलून बसलाय, टापटीप साहेब समोर घाम पुसत उभे आहेत, आणि वितरक सगळ्यांदेखत म्हणतोय, हात सगळ्यांचे सारखे नसतात. एवढं एकदा व्हावं, मग तिचं काही मागणं नव्हतं.

त्याच सुमारास धाकटी फुललेल्या चेहऱ्याने घरात शिरली.

धाकटी म्हणजे ताईची बहीण, पण बहिणीपेक्षा लेकच जास्त. उजेडाचं काम ती ताईकडूनच शिकलेली. लहानपणी ताई तिला टॉर्च देऊन पडद्यामागे उभी करायची आणि विचारायची, सांग, सावली कुठे पडेल? आता बघता बघता ती ताईच्याही पुढे गेली होती. कामं सुटी सुटी मिळत, नोकरी मिळत नव्हती.

“लागली!” धाकटीने मामीला गरकन फिरवलं. “पक्की नोकरी. नवी मशीन्स आली ना, म्हणून नवी भरती केली त्यांनी. ताई, तुझ्याच जुन्या कंपनीत!”

ताईच्या हातातलं ताट खाली ठेवायचं राहून गेलं. “तिथे नको जाऊस.”

“का?”

“नको म्हणते ना.”

“कारण सांग की. त्यांनी तुला काढलं, मला माहीत आहे. पण तुझं भांडण तुझ्यापाशी ठेव ताई. मी किती दिवस घरात बसू?” मग जरा नरमाईने ती म्हणाली, “आणि मशीन्स तूच निवडून दिली आहेस. सर मुलाखतीत सांगत होते. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, तिथे माझं काही वाईट होणारच नाही.”

तिथेच सांगायला हवं होतं. ताईला ते तेव्हाही कळत होतं, न कळायला ती काही भोळी नव्हती. एक वाक्य पुरलं असतं: कपाटाचं दार उघडं ठेवायला लाव. पण ते वाक्य धाकटीच्या तोंडून साहेबांपर्यंत गेलं असतं, दारं उघडली असती, आणि पिकत आलेला सूड हातचा गेला असता. थोडेच दिवस, ताईने स्वतःला समजावलं. वितरक एकदा त्यांचं तोंड फोडू दे, मग सांगते. तेवढ्यात धाकटीचं काय बिघडतंय? तिने ताट खाली ठेवलं आणि बहिणीच्या पाठीवर हात फिरवला.

धाकटी आधी कामाबद्दल भरभरून बोलायची. मग कमी बोलायला लागली. मग नुसतं “चाललंय” म्हणायची. रविवारी मामी बाहेर चल म्हणाली तर डोकं दुखतंय म्हणाली. ताई हे बघत होती आणि रोज तारखेकडे डोळे लावून होती. वितरकाची तारीख जवळ येत होती.

एका रविवारी धाकटीने कंपनीसाठी केलेली एक खोली घरच्या मशीनवर उघडली. ताई मागे उभी राहून बघायला लागली आणि तिला धक्काच बसला. सपाट, पांढरट, मेलेला उजेड. एका कोपऱ्याला म्हणून सावली नाही.

“हे तू केलंस?”

“दिवे कमी केले की बेक लवकर होतो,” धाकटी पडद्याकडेच बघत म्हणाली. “आधी सगळे मांडायचे, तर दिवस संपला तरी होत नव्हतं. आता निम्मे काढून टाकते. तेही वेळेत होत नाही, आणि सर म्हणतात खोली फिकी दिसते. तेही खरंच आहे ना.”

“बाकीच्यांचं होतं का वेळेत?”

“कुणाचंच नाही होत. पण ते जुने आहेत, त्यांना कोण बोलणार? परवा सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, मशीन सगळ्यांना सारखं दिलंय, हात सारखे नसतात.” धाकटीने कसंबसं हसून घेतलं. “मी म्हणणार होते की मशीनच हळू चालतंय. तर तेच म्हणाले, मशीनचं कारण सांगू नकोस, तुझ्या सख्ख्या बहिणीने तपासून दिलंय. आणि खरं सांगू का ताई, मला पटलं. तू बघितलेलं मशीन हळू असेलच कसं? म्हणजे माझेच हात. मी उगाच समजत होते मला जमतं.”

ताईने हात पुढे करून पडद्यावरची ती फिकी खोली बंद केली.

“उद्या सामान आवरून येते,” धाकटी म्हणाली. “त्यांनी काढायच्या आधी मीच सोडते. मामा म्हणाला दुकानात काउंटरवर बस. उजेडाचं काम पुन्हा नाही करायचं मला.”

जे वाक्य टापटीप साहेबांच्या तोंडावर फेकलं जावं म्हणून ताई जीव टांगून बसली होती, ते भलत्याच ठिकाणी जाऊन लागलं होतं. आणि तिथवर ते ताईनेच पोचवलं होतं. तिला आपली घृणा आली. पण खरं सांगायचं तर तेव्हाही पहिला राग आला तो साहेबांचाच, आणि त्या रागाच्या आधारानेच ती दुसऱ्या दिवशी सकाळी पेचकसाची पिशवी घेऊन त्यांच्या ऑफिसात शिरली.

“वाः वाः, ये!” साहेब म्हणाले. “देखभालीला का?”

“हो. एक मशीन बघायचंय.”

धाकटी टेबलावरचं सामान खोक्यात भरत होती. ताईला बघून तिचं तोंड उतरलं. “ताई, माझ्यासाठी तमाशा नको करूस. प्लीज.”

“सगळे दिवे परत मांड,” ताई म्हणाली. “मग मोठा बेक लाव. जिन्याचा.”

“अगं, पण...”

“लाव म्हणते ना.”

धाकटीने लावला. काम संपायला किती वेळ उरलाय तो आकडा पडद्यावर दिसू लागला. थोडा वेळ तो भराभर उतरला, मग रेंगाळला, मग चक्क वाढायला लागला. आजूबाजूची माणसं खुर्च्या वळवून बघू लागली. साहेब मागे हात बांधून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ‘मी म्हणत नव्हतो?’ असं होतं.

“चावी द्या,” ताई म्हणाली.

“कपाटाची? कशाला?”

“देखभालीला.”

त्यांनी जुडगा काढून दिला. ताईने कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. आतून गरम झोत आला तसा शेजारच्या माणसाने पाय मागे घेतला. मशीन तिने बाहेर ओढलं, बाजूचं झाकण काढून ठेवलं आणि उभी राहिली. पडद्यावरचा आकडा जरा थबकला आणि उतरू लागला. आधी हळूहळू, मग धावत. नुसत्या डोळ्यांना कळेल असा.

धाकटी खुर्चीतून उतरली. गुडघे टेकून तिने रिकाम्या कपाटात हात घातला आणि आतली तापलेली फळी चाचपली. मग तिने पडद्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांनी तिच्या चेहऱ्यावर रक्त आलं होतं. ताईला तेवढं एकच सुख त्या दिवशी मिळालं, आणि तेही जेमतेम श्वासभर टिकलं.

“म्हणजे नुसती दारं उघडायची?” टापटीप साहेब जवळजवळ ओरडलेच. “एवढंच? अरे, काढा सगळी दारं! आत्ताच्या आत्ता! हे आधी कुणी सांगितलं का नाही मला?”

“मी सांगितलं होतं!” ताईचा आवाज चिरकला. “इथेच बसून सांगितलं होतं, वर्षं झाली. तुम्ही भर मिटिंगमध्ये माझे हात काढलेत आणि मला घालवलंत. म्हणून मी तुम्हाला मुद्दाम बैल दिला. तुमच्या कपाटांना हरीणच हवं होतं, मला माहीत होतं. मी मुद्दाम छोटी चाचणी लावली. तुम्ही बुडावं म्हणून!”

साहेब तिच्याकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न करत होते, अगदी मनापासून करत होते, आणि त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं.

“अगं, मी आजवर कितीजणांना काढलं असेल,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. “जुनं काय धरून बसायचं? झालं ना आता नीट? मशीन्स उत्तमच आहेत, मी सगळ्यांना तेच तर सांगत होतो.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते खिडकीकडे वळले. “हो हो, सापडलं कारण. मी स्वतः लक्ष घातलं. नाही, तारखेला शंभर टक्के देतो.”

माणसं पेचकस शोधायला पांगली. कुठेतरी पहिलं दार निखळून जमिनीवर आपटलं आणि कुणीतरी आनंदाने शीळ घातली. इतक्या वर्षांच्या सुडाचं हे झालं. टापटीप साहेबांचं ऑफिस ताईच्या हातून दुरुस्त झालं आणि गेम वेळेवर जाणार हे पक्कं झालं.

ताई वळली. धाकटी अजून जमिनीवरच बसली होती, पण आता ती पडद्याकडे बघत नव्हती.

“मी नोकरी लागली म्हणून सांगत आले,” ती म्हणाली, “तेव्हा तुला हे माहीत होतं?”

“हो.”

“रोज मी घरी यायचे तेव्हा?”

“मी थोडेच दिवस... त्याला एकदा धडा मिळाला की सांगणारच होते गं. तुझ्यासाठी नव्हतं ते. तुझ्यावर माझा कसला राग?”

“काल रात्री मी म्हटलं माझेच हात वाईट. तेव्हाही?”

ताईने होकाराची मान हलवली. आणखी करण्यासारखं काही नव्हतं.

धाकटी उठली. गुडघे झटकले. खोक्यातून एकेक वस्तू काढून तिने टेबलावर होत्या तशा मांडल्या, खुर्ची पुढे ओढून बसली आणि पडद्यावरच्या जिन्यात आणखी एक दिवा ठेवला. वरच्या पायरीपाशी, कठड्याच्या आड. ताईने पाहिलं, अगदी बरोबर जागा होती. तिने स्वतःही तिथेच ठेवला असता.

“मी संध्याकाळी न्यायला येऊ?” ताईने विचारलं.

धाकटीने मान वर केली. साहेबांकडे, दुकानदाराकडे, बाहेरून कामाला आलेल्या माणसाकडे जितक्या अदबीने बघावं, तितक्याच अदबीने तिने बहिणीकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “मशीन चालतंय नीट. तुमचं झालं असेल तर निघा तुम्ही, मला काम आहे.”